तुरटीचा खडा आणि तळहाताचा घाम

बारामती-इंदापूरकडे एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी बाहेर पडलात, तर अंग भाजून निघते; पण सदरा मुंबईतल्यासारखा ओलाचिंब होत नाही. याचा अर्थ घाम येत नाही असा नव्हे. हा पर्जन्यछायेतला मुलूख. कोरड्या हवेत घाम चटकन वाळतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याला उष्माघातापासून वाचवतो तो हाच घाम.

मात्र काहींच्या तळहातांना थंडीतही घाम सुटतो. परीक्षेत उत्तरपत्रिका भिजते, शाई फुटते, हातात हात द्यायचीही लाज वाटते. हा घाबरटपणा नव्हे की अस्वच्छताही नव्हे. आपल्या त्वचेत २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात आणि तळहात-तळपायांवर त्या फार दाट असतात. मज्जातंतूंच्या टोकांशी ॲसिटिलकोलीन हे द्रव्य स्रवले, की ग्रंथी घाम सोडतात. काही व्यक्तींत हे संदेश गरजेपेक्षा जास्त जातात, एवढेच.

यावरचा एक साधा उपाय समजून घेण्यासाठी आपण नीरा डाव्या कालव्यावर जाऊ. पावसाळ्यातले गढूळ पाणी दोन पेल्यांत घ्या. एका पेल्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवा आणि दोन्ही पेले स्थिर ठेवा. काही वेळाने तुरटीच्या पेल्यातला गाळ लवकर तळाशी बसलेला दिसेल. तुरटी म्हणजे पोटॅशियम व ॲल्युमिनियम यांचे सल्फेट. पाण्यात तिच्यापासून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट साका तयार होतो व मातीचे कण त्यात अडकतात. (तुरटीने पाणी नितळ होते, निर्जंतुक होत नाही; ते उकळूनच प्यावे.)

घामावरच्या औषधातही ॲल्युमिनियमचेच क्षार असतात. तुरटीचा परिणाम सौम्य. डॉक्टर बहुधा ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण देतात. ते घामाच्या नलिकेत शिरले, की असाच साका बनून नलिकेच्या तोंडाशी बूच बसते. त्वचेचा वरचा थर झडतो तसे हे बूचही निघून जाते. म्हणून औषध पुन्हा लावावे लागते.

ते रात्री, कोरड्या त्वचेवरच का लावायचे? समीकरण पाहा :

AlCl₃ + 3H₂O → Al(OH)₃ + 3HCl

त्वचा ओली असेल तर हायड्रोक्लोरिक आम्ल वरच तयार होते आणि आग होते. झोपेत घाम कमी येतो, त्यामुळे औषधाला आत शिरायला वेळ मिळतो. सकाळी ते धुऊन टाकायचे. जखमेवर किंवा नुकत्याच दाढी केलेल्या त्वचेवर ते लावू नये. काखेत गुण लवकर येतो. तळहाताची त्वचा जाड असल्याने तेथे वेळ लागतो. तेवढ्याने भागले नाही, तर पाण्यात हात ठेवून अगदी सौम्य विद्युत्प्रवाह देण्याची पद्धत आहे. ती वैद्यकीय देखरेखीखालीच करावी. घरच्या विजेशी असा खेळ जिवावर बेतेल. ॲसिटिलकोलीनचे काम रोखणारी, त्वचेवर लावायची औषधेही आता निघाली आहेत. अमेरिकेत काखेतील घामासाठी ग्लायकोपायरोनियमच्या औषधी पुसण्यांना २०१८ साली मान्यता मिळाली.

मग सर्वांगाला औषध फासले तर? तसे कधीही करू नये. तळहात व काख मिळून त्वचेचा अगदी थोडा भाग होतो. तो बंद झाला तरी बाकीचे शरीर थंड राहते. सारेच अंग बंद केले, तर उन्हाळ्यातली आपली ढालच गेली! आणि घाम रात्री झोपेत येत असेल, सोबत वजन घटत असेल किंवा छाती धडधडत असेल, तर दुखणे वेगळे असू शकते. तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवावे.

विचार करा : माठातले पाणी बारामतीत जास्त गार होईल की मुंबईत? का?