निर्वात-नलिकांतील दोष आणि त्यांचा शोध

झाशीच्या लक्ष्मी तालाच्या काठी, जेथे महालक्ष्मीचे मंदिर आणि १८५३ साली निवर्तलेल्या राजे गंगाधररावांची छत्री आहे, तेथे पाणी शोषून घेणारा एक पंप आपण बसविला आहे असे समजू. पंप कितीही बळकट असला तरी तळ्याचे पाणी तो सुमारे १० मीटरहून अधिक उंच चढवू शकणार नाही. कारण पंप पाणी ओढीत नसतो. तो नळीतील हवा काढून घेतो आणि तळ्यावरील वातावरणाचा दाब पाणी वर ढकलतो. नळीला बारीकसे छिद्र पडले, तर बाहेरची हवा आत शिरते आणि पाणी खाली घसरते.

जुन्या टर्बो-डिझेल गाडीतील निर्वात-नलिकांचे कार्य याच तत्त्वावर चालते. डिझेल इंजिनात हवा अडविणारी झडप सहसा नसल्यामुळे पेट्रोल इंजिनाप्रमाणे पुरेसा निर्वात आपोआप निर्माण होत नाही. त्यासाठी स्वतंत्र व्हॅक्यूम पंप असतो. पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरलाच जोडलेला आढळतो. त्यापासून निघणारी जाड नळी ब्रेकच्या बूस्टरकडे जाते. टर्बोची पाती निर्वाताने हलविली जात असतील, तर एक बारीक फाटा तिकडेही जातो. म्हणूनच एका ठिकाणच्या गळतीने गाडीचा पिकअप जातो आणि ब्रेकचे पेडलही जड होऊ शकते.

बुंदेलखंडातील उन्हाळा आणि इंजिनाची धग यांमुळे रबर कडक होते; नळीच्या टोकांशी चिरा पडतात. तेल लागलेली नळी फुगून सैल होते.

परीक्षा उभ्या गाडीवरच करावी. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे. ते कडक झाल्यावर पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टरला निर्वात मिळत आहे. मग इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे. पहिल्याच दाबाला पेडल कडक लागले, तर एकदिशा झडप, नळी किंवा बूस्टर यांपैकी कोठेतरी हवा शिरत आहे.

त्यानंतर दाबमापक थेट पंपाला जोडावा. झाशीत वातावरणाचा दाबच पाऱ्याच्या सुमारे ७३५ मिलिमीटर असल्याने त्याहून अधिक निर्वाताची अपेक्षा व्यर्थ होय. काटा गाडीच्या पुस्तिकेतील आकड्यापर्यंत पोहोचत नसेल, तर दोष पंपात आहे. पोहोचत असेल, तर एकेक फाटा पूर्ववत जोडीत जावे. ज्या फाट्याशी काटा घसरेल, तेथेच शोध घ्यावा. चिरलेल्या टोकाचा भाग कापून नळी पुन्हा बसविता येते, मात्र ती ताणली जाता कामा नये. पाण्याची साधी नळी तेथे कधीही लावू नये. निर्वाताने ती आत चिमटते.

हा क्रम सोडून आधीच टर्बो बदलणारा मनुष्य पैसा तर घालवितोच, शिवाय मूळ गळती तशीच राहते. पिकअप गेला तर प्रवासाला उशीर होईल. पेडल जड झाले असता मात्र दोष सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.