फेरिटिनचा आकडा आणि आंबट-गोड गोळ्या

चि. सोनू,

तुझा रिपोर्ट पाहिला. हिमोग्लोबिन 9.4, फेरिटिन 7. हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी; पण फेरिटिन 15 च्याही खाली म्हणजे अंगातला लोहाचा साठाच संपलाय. कंपनीत लाइनवर उभं राहून चक्कर येते ती उगाच नाही. आणि तू मळमळतं म्हणून आयर्नची गोळी सोडलीस अन् व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चघळतेस! हे मला मुळीच पटलेलं नाही.

व्हिटॅमिन सीमध्ये लोह नसतं गं. भाकरी, डाळ, मेथी यांतलं लोह आतड्यात सहजी शोषलं जात नाही. व्हिटॅमिन सी त्याच घासाबरोबर पोटात गेलं तर हे लोह विरघळलेलं राहतं आणि जास्त अंगी लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने किशोरवयीन मुलांना भाताच्या जेवणात पेरू दिला, तेव्हा लोहाचं शोषण सुमारे दुप्पट झालं. मेसच्या डब्यातल्या डाळीवर लिंबू पिळ, पेरू जेवतानाच खा. जेवणावर लगेच कंपनीचा चहा मात्र नको, तो नेमकं उलटं करतो. तासभर जाऊ दे.

रिकामा साठा एवढ्याने भरत नाही. शांघायमध्ये लोह कमी असलेल्या 440 रुग्णांवर झालेला अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नुसतं आयर्न, निम्म्यांना जोडीला व्हिटॅमिन सी. दोन आठवड्यांत हिमोग्लोबिन अनुक्रमे 1.84 आणि 2.00 ने वाढलं, आठ आठवड्यांनी फेरिटिनची वाढही जवळपास सारखीच. काम आयर्ननेच केलं. व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांवर पगार घालवू नकोस.

मळमळीचं डॉक्टरांना सांग. ते वेळ बदलतील, दिवसाआड देतील, नाहीतर दुसरी गोळी लिहून देतील. आयर्नच्या गोळीने शौचाला काळं होतं त्याला घाबरू नकोस. पाळीत रक्त जास्त जात असेल तर तेही लाजू नको, सांग. हिमोग्लोबिन वर आलं म्हणून गोळ्या थांबवायच्या नाहीत, साठा भरायला पुढे आणखी महिने लागतात. आणि तापात फेरिटिन तपासू नकोस, उगाच वाढलेलं दिसतं.

रूमवरच्या मुलींना तुझ्या गोळ्या वाटू नकोस. रक्त कमी असण्यामागे बी-12 ची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनरही असू शकतो. त्यांनाही तपासायला ने.

गुरुवारी सुटी आहे. चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात जा, नाहीतर पिंपरीला वायसीएम रुग्णालयात. सरकारी दवाखान्यात आयर्नच्या गोळ्या मोफत मिळतात. याच गुरुवारी जा आणि संध्याकाळी मला फोन कर.

तुझी,
मावशी