शेंगदाण्याची निर्यात : पाणी शिंपडण्याचा महागडा व्यवहार

सुकामेवा म्हटला की आपल्या व्यापारी बांधवांना बदाम, पिस्ता आणि काजू आठवतात. हा माल आपण बहुधा बाहेरून आणून विकतो. आपल्या मातीतून परदेशी जाण्यासारखा दाणा म्हणजे शेंगदाणा. जकातीच्या वर्गवारीत बदाम-काजू ८ व्या प्रकरणात फळांबरोबर येतात, तर शेंगदाणा १२ व्या प्रकरणात तेलबियांबरोबर. हा फरक केवळ कागदावरचा नाही. घाण्यासाठी घेतलेल्या दाण्याचा भाव तेलाच्या उताऱ्यावर ठरतो, खाण्याच्या दाण्याचा भाव निवडीवर.

निर्यातीच्या बोलीत बोल्ड म्हणजे लांबट दाणा आणि जावा म्हणजे गोलसर, गुलाबी दाणा. पुढे ४०/५०, ५०/६० असे आकडे लागतात. एका औंसात, म्हणजे सुमारे २८ ग्रॅममध्ये, इतके दाणे बसतात असा त्याचा अर्थ. आकडा लहान तितका दाणा मोठा. हे गणित आपले लोक चटकन शिकतात. अडते ते दुसरीकडेच, ओलाव्यात.

फलटण तालुक्यातील खरिपाची शेंग निघते ती नेमकी परतीच्या पावसात. शेंग वरून वाळलेली दिसते, आत दाणा दमट राहतो. त्यातच भर म्हणजे फोडण्याआधी शेंगेवर पाणी शिंपडण्याची रीत. त्याने दाणा कमी फुटतो आणि वजनही थोडे वाढते. पण त्याच ओलीवर पिवळसर-हिरवी बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृताला घातक आहे आणि भाजूनही पुरते जात नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा शोध घेता घेता हे विष त्यांच्या खाद्यातील शेंगदाणा पेंडीत सापडले.

युरोपीय संघाची मर्यादा पाहा. थेट खाण्याच्या दाण्यात एका किलोला ४ मायक्रोग्रॅम, पुढे प्रक्रिया होणार असेल तर १५. म्हणजे हजार किलोंत अवघे १५ मिलिग्रॅम. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे १९ टन, म्हणजे ५० किलोच्या ३८० गोण्या बसतात. विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते. मूठभर बुरसट दाणे नमुन्यात आले की सगळा कंटेनर परत. परत आलेला माल पडेल भावात विकावा लागतो आणि जहाजाचे भाडेही अंगावर पडते.

एकाच्या चुकीचे परिणाम सर्वांना भोगावे लागतात, हेही ध्यानात घ्यावे. २०१५ मध्ये व्हिएतनामने कीड सापडल्यामुळे भारतीय शेंगदाण्याची आयात थांबवली. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये इंडोनेशियाने अफ्लाटॉक्सिनमुळे तेच केले, आणि तो तर आपला मोठा गिऱ्हाईक. अशा वेळी चोख माल असलेला व्यापारीही हात चोळत बसतो.

उपाय साधे आहेत. शेंगेचा ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय ती साठवू नये; हातावर आणि कानावर विसंबण्यापेक्षा ओलावामापक घ्यावा. शेंग हलवून खुळखुळ ऐकणे ही जुनी रीत वाईट नाही, पण परदेशी प्रयोगशाळा खुळखुळ ऐकत नाही. गोण्या जमिनीवर न टाकता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचाव्यात. उन्हाळी शेंग कडक उन्हात निघत असल्याने नीट वाळते, म्हणून निर्यातीचा पहिला सौदा तिच्यावरच करावा असे आम्हांस वाटते.

आमच्या कारागीर बांधवांनाही यात काम आहे. कोरडी शेंग फोडताना दाणा फुटतो, ही पाणी शिंपडणाऱ्यांची सबब. ती बऱ्याच अंशी यंत्राची आहे. जाळीची भोके शेंगेच्या जाडीप्रमाणे नसतील, दांडा आणि जाळी यांतील अंतर कमी असेल किंवा फेरे जास्त असतील, तर दाणा फुटणारच. बोल्ड आणि जावा यांना वेगळी जाळी बसवून देणारा मिस्त्री गावात असेल, तर पाण्याची बादली आपोआप बाजूला राहील. आणि ज्या दाण्याची साल फाटली किंवा जो दुभंगला, तो चाळणीवरच वेगळा काढून स्थानिक बाजारात लवकर विकावा. बुरशी आधी तिथेच शिरते. बुरसट दाणा मात्र घाण्यालाही देऊ नये, कारण विष पेंडीत उतरते आणि पेंडीतून दुभत्या जनावराच्या दुधात.