हिवाळी भाजीची तारीख पावसात ठरते

इंग्रजीच्या तासाला आपण शिकतो तो हिवाळा बर्फाचा. झाडं उघडी, शेतं निजलेली, पक्षी गप्प, आणि कवी शेकोटीपाशी म्हातारपणाचा विचार करत बसलेला. ‘हिवाळा हे मृत्यूचं प्रतीक’ असं पेपरात लिहिलं की दोन गुण पक्के. आपल्याकडे हिवाळा कशाचं प्रतीक आहे, हे मात्र मराठीच्या तासालाही कुणी विचारत नाही. डिसेंबरात बेळगावच्या भाजी बाजारात एक फेरी मारून बघा. गाजर, वाटाणा, फ्लॉवर, मुळा, पालक, कांदापात, मेथीच्या ओल्या जुड्या. वर्षातला सगळ्यात भरलेला बाजार तोच. उन्हाळ्यात आपल्याकडे ऊन जाळतं, पावसात मुळं कुजतात. उरलेले चार महिने काय ते पालेभाजी-फळभाजीचे. तेव्हा उबदार हवेच्या प्रदेशात हिवाळ्याचा प्रश्न ‘थंडीपासून पीक कसं वाचवायचं’ असा नसतो. थंडी जाण्याआधी पीक हाताशी कसं आणायचं, हा इथला प्रश्न. सगळी शेती तारखेवर चालते, आणि ती तारीख भर पावसात ठरवावी लागते.

आपण भाषेचे विद्यार्थी, म्हणून आधी शब्दांकडे वळू. ‘रब्बी’ हा शब्द मुळात अरबी आणि त्याचा अर्थ वसंत. ‘खरीप’ म्हणजे शरद, पानगळीचा ऋतू. शाळेत आपण ‘खरीप पावसाळ्यात, रब्बी हिवाळ्यात’ असं पाठ करतो, आणि मग रब्बीचा अर्थ वसंत कसा, असा गोंधळ होतो. पण या पिकांना नाव मिळालंय ते कापणीवरून, पेरणीवरून नाही. गोव्यात पावसाळी भाताला ‘सरद’ म्हणतात, ते शरदात कापलं जातं म्हणून. त्यानंतर त्याच जमिनीत घेतात ते ‘वायंगण’. हा शब्द सिंधुदुर्गातही आहे. मालवण आणि वेंगुर्ले तालुक्यांत तर वायंगणी नावाची गावंच आहेत. नाव कापणीचं ठेवणारी माणसं हिशेबही कापणीकडून मागे करत असणार, असं मला वाटतं. भाजीच्या शेतीत तोच हिशेब अजून चालतो.

तो एकदा करून बघू. समजा, समुद्राकाठच्या गावात फ्लॉवर नाताळच्या आठवड्यात बाजारात न्यायचा आहे. लवकर येणाऱ्या जातीला रोप शेतात लावल्यापासून साधारण साठ ते सत्तर दिवस लागतात. 20 डिसेंबरपासून पासष्ट दिवस मागे गेलं की ऑक्टोबरचा मध्य येतो. त्याआधी रोप गादीवाफ्यावर चार आठवडे वाढायला हवं. म्हणजे बी टाकायचं सप्टेंबरच्या 18-20 तारखेला. बाहेर तेव्हा पाऊस चालू असतो. छत्री घेऊन हिवाळ्याचं बी पेरायचं! आता दुसऱ्या टोकाकडून मोजा. किनाऱ्यावर फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन चढायला लागतं. तिथून मागे मोजलं तर नोव्हेंबरच्या मध्यानंतर टाकलेलं बी वेळेत हाताशी येत नाही. मध्ये उरले दोन महिने. दिवाळीची सुट्टी लागली, आता जरा बागेत काहीतरी लावूया, असं म्हणणाऱ्यांच्या हातात त्यातले फार दिवस उरलेले नसतात.

पावसात रोपं करणं हेच खरं कसब. ओल जास्त झाली की कोवळं रोप जमिनीलगत कुजतं आणि आडवं पडतं. रात्री हिरवीगार दिसलेली ओळ सकाळी लोळलेली असते. यावर औषधापेक्षा वाफ्याची उंची महत्त्वाची. वीतभर उंच गादीवाफा, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू, बी पातळ टाकलेलं, आणि वर माडाच्या झावळ्यांचा तिरपा मांडव. पाऊस थांबला की मांडव उघडायचा, ढग आले की झाकायचा. दिवसातून चारदा ही उठाबस करणारं माणूस घरात लागतं. रोपं शेतात न्यायच्या आधी आठ-दहा दिवस पाणी कमी करत आणि ऊन वाढवत नेतात, म्हणजे ती काटक होतात.

आता थंडीकडे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच आहे. डिसेंबरात आमच्याकडे रात्रीचा पारा 14-15 अंशांपर्यंत उतरतो. घाट उतरून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर पणजीला जा, त्याच रात्री तिथे वीस-एकवीस अंश असतात. दिवसा दोन्हीकडे स्वेटर नकोच. झाडाला फरक पडतो तो या रात्रींचा. दिवसभर पानांनी केलेली साखर झाड रात्री श्वासात खर्च करतं. रात्र जितकी गरम तितका खर्च मोठा. गार रात्री जास्त साखर शिल्लक राहते आणि ती गाजरात, बिटात, वाटाण्यात उतरते. टोमॅटोची गोष्ट थोडी वेगळी. रात्री 15 ते 20 अंश असल्या की त्याला फळ चांगलं धरतं. रात्र 24-25 च्या वर राहायला लागली की फुलं येतात आणि गळून जातात. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या कुंडीतल्या टोमॅटोला ‘फुलं येतात पण फळ नाही’ अशी तक्रार असते. त्याला खत घालून काही होत नाही.

पण या सगळ्यात मला सगळ्यात आवडते ती फ्लॉवरची कथा. ही युरोपातल्या गार हवेची भाजी. 1822 मध्ये तिचं बी इंग्लंडहून सहारनपूरच्या कंपनी बागेत आलं. सहारनपूर उत्तरेच्या मैदानातलं, हवा उपोष्ण. उन्हाळा भाजणारा, हिवाळ्यात दिवस उबदार आणि रात्री गार. विलायती बियांना ही हवा मानवणं कठीणच. शेतकऱ्यांनी मात्र ज्या थोड्या झाडांनी गरमीतही गड्डा धरला त्यांचंच बी राखलं, पुढच्या वर्षी तेच पेरलं, पुन्हा त्यातून निवडलं. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं आणि भारतीय फ्लॉवर हा वेगळाच गट तयार झाला. त्याच्या जातींना लोकांनी नावं दिली ती महिन्यांची. कुंवारी म्हणजे आश्विनातला, कातकी कार्तिकातला, अगहनी मार्गशीर्षातला, मग पूसी आणि माघी. बियाच्या पिशवीवर पंचांग! पुढे दिल्लीच्या पुसा संस्थेने काढलेल्या एका लवकर येणाऱ्या जातीचं नावही ‘पुसा दीपाली’ आहे.

ही नावं म्हणजे शेतकऱ्याला दिलेली सूचनाच. लवकर येणाऱ्या जाती 20 ते 27 अंशांतसुद्धा गड्डा धरतात. उशिरा येणाऱ्या, ‘स्नोबॉल’ गटातल्या जातींना 10 ते 16 अंशांची थंडी लागते. लवकरची जात उशिरा, थंडीत लावली तर झाड वाढायच्या आधीच गड्डा धरतं आणि लिंबाएवढं होऊन थांबतं. उशिराची जात लवकर किंवा उबदार जागी लावली तर नुसती पानं वाढतात. गोव्याच्या किनारपट्टीत कुणी ‘स्नोबॉल’ लावून त्याला कितीही खतपाणी घातलं तरी तिथे 10-16 अंशांच्या रात्री कुठून येणार? मग ‘आमच्या मातीत फ्लॉवर होत नाही’ असं म्हणतात. माती बिचारी काय करणार, बी दुसऱ्याच महिन्याचं आहे.

कांद्याचंही असंच काहीसं, फक्त तिथे थंडीऐवजी दिवसाची लांबी मोजायची. कांद्याची गाठ कधी धरायची हे झाड दिवसाच्या लांबीवरून ठरवतं. उत्तर युरोपातल्या जाती चौदा तासांचा दिवस होईपर्यंत गाठ धरत नाहीत. गोव्यात सगळ्यात लहान दिवस सुमारे सव्वाअकरा तासांचा, आणि जूनमधला सगळ्यात मोठा तेरा तासांच्या आसपास. चौदा तास इथे कधी भरतच नाहीत. ऑनलाइन मागवलेल्या, सुंदर चित्राच्या परदेशी पाकिटातला कांदा इथे जन्मभर पात राहतो. आपल्याकडच्या जाती लहान दिवसाच्या. त्या अकरा-बारा तासांवर समाधानी असतात.

किनाऱ्यावर मग लावायचं काय? हा प्रश्न आमच्या घरात गेली दोन वर्षं गाजतोय. माझी मावशी तिसवाडीत दिली. सरद भात कापून झालं की तिच्या सासरचं शेत पूर्वी लगेच वाफ्यांनी भरायचं. आता दोन वर्षं ते वायंगणात पडीक आहे. दादाचं, म्हणजे माझ्या मावसभावाचं, म्हणणं सरळ आहे. “बेळगावची भाजी रोज ट्रकने येते, महामंडळाच्या गाड्यावर स्वस्तात मिळते. मजूर मिळत नाही. कशाला राबायचं?” त्याचं गणित चुकीचं नाही. कोबी, गाजर, फ्लॉवर यांत घाटाखालचा शेतकरी घाटावरच्याशी कधीच बरोबरी करू शकणार नाही. तो सहाएक अंशांचा फरक पैशांनी भरून निघत नाही.

मावशीचं उत्तर मला जास्त पटतं. “अगं, बेळगावात होतं तेच इथे कशाला लावायला हवं? इथे तांबडी भाजी लाव ना.” तांबडी भाजी पंचवीस-तीस दिवसांत काढायला येते. मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. नवलकोल रोप लावल्यापासून दोनेक महिन्यांत. वाल, मिरची, रताळी, वांगी यांना किनाऱ्यावरच्या रात्री चालतात, उलट फार गारठा वांग्याला आवडतच नाही. आगशीची मोठी जांभळी वांगी गोव्यात नावाजलेली आहेत, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय. आणि तांबडी भाजी ट्रकमधून रात्रभर प्रवास करून आली की मान टाकते. सकाळी उपटून आठ वाजता बाजारात ठेवलेल्या जुडीपुढे तिचा निभाव लागत नाही. दादाच्या गणितात हा ताजेपणाचा भाव धरलेलाच नव्हता. घाटात दरड कोसळून रस्ता बंद होतो तेव्हाचा भाव तर वेगळाच.

अर्थात अडचणी आहेत. जांभ्या दगडाची माती आंबट, म्हणून चुलीची राख किंवा चुना घालावा लागतो. तीच राख पानांवरच्या माव्यावरही फुंकतात. पहाटेचं दंव जास्त झालं की वालावर भुरी येते. त्यासाठी वेल मोकळे ठेवावेत, पाणी सकाळी द्यावं आणि तेही मुळाशी. खाजन जमिनीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, आणखी एक घड्याळ चालू असतं. पावसाने खाली गेलेलं मीठ कोरड्या महिन्यांत ओलीबरोबर हळूहळू वर चढतं. तिथे उशीर झाला तर गरमीबरोबर खारही पिकाला गाठतो. आणि सगळ्यात मोठी अडचण माणसांची. चतुर्थीनंतर झावळ्यांचा मांडव उघडा-झाकायला घरात कोण आहे? दादा नोकरीला, वहिनी नोकरीला, मावशीचे गुडघे दुखतात. मी सेमिस्टरच्या मध्ये, घाटावर.

म्हणून यंदासाठी मावशीने शेताचे भाग केलेत. घरालगत दोनच गादीवाफे मिरची-वांग्याचे, कारण ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात. एक पट्टा तांबडी भाजी आणि मुळ्याचा, दर दहा दिवसांनी थोडा थोडा पेरायचा, म्हणजे सगळं एकदम काढायला येणार नाही. आणि उरलेल्या सगळ्या शेतात अळसांदे. त्याला रोप नको, मांडव नको. भात कापलं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच तो उगवतो. ओल पुरेशी आहे का, हे मावशी मूठभर माती दाबून बघते. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला की पेरायचं. गोळा चिकट राहिला तर दोन दिवस थांबायचं, झालाच नाही तर उशीर झाला. अळसांद्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत धरतात, तो पुढच्या भाताला मिळतो. दादाला हे पटलं, कारण यात मजूर लागतो तो फक्त शेंगा तोडायला.

बी मावशीकडे आहे. राखेत घोळून, काचेच्या बाटलीत, घट्ट बुचाखाली. दोन वर्षांचं जुनं म्हणून तिने मागच्या आठवड्यात त्यातले वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले होते. चौथ्या दिवशी फोन आला. सतरांना मोड आले होते.