आधी व्हिसा बघा, मग बॅग भरा

परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं म्हणून नेरमधली मुलंमुली अजूनही आमच्या घरी विचारायला येतात. कोरियन मालिका पाहून कुणी कोरियाचं विचारतं, कुणी थायलंडचं, कुणी व्हिएतनामचं. माझ्या माघारी काय बोललं जातं तेही माझ्या कानावर येतं : "पाठवली होती पोरगी बँकॉकले, आली ना वापस." म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. मी कंटाळून परत आले नाही. शिकवता येत नव्हतं म्हणूनही आले नाही. मला फसवलं गेलं, आणि ज्यांनी फसवलं ते आजही अमरावतीत ऑफिस थाटून बसले आहेत.

मी अमरावती विद्यापीठाची इंग्रजीची एम.ए., वर बी.एड. टीईटी, टेट, पवित्र पोर्टल, संस्थाचालकांचे आकडे हे सगळं इथे कुणाला समजावून सांगायची गरज नाही. तासिका तत्त्वावर शिकवून वर्षाच्या शेवटी हातात काय पडतं तेही सगळ्यांना माहीत आहे. बाहेर जायचा विचार तिथून आला, कुठल्या मालिकेतून नाही.

एजंटाने पहिल्यांदा कोरियाच दाखवला होता. तिथल्या खासगी शिकवणी वर्गात, ज्याला ते हाग्वॉन म्हणतात, नोकरी, राहायला खोली, जायचं तिकीट. मी घरी येऊन स्वतः वाचलं. इंग्रजी संभाषण शिकवण्याचा कोरियाचा ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतासाठी एक वेगळी वाट आहे. भारत आणि कोरियाचा व्यापार करार, सेपा, १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयाला तिथल्या शाळांमध्ये सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. पण ती शाळांसाठी, हाग्वॉनसाठी नाही. हे मी एजंटासमोर मांडलं तेव्हा तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "ताई, मग कोरिया सोडा, थायलंड घ्या. तिथं भारतीय शिक्षक लय चालतात."

हे तो खोटं बोलला नाही. थायलंडमध्ये भारतीय आणि फिलिपिनो शिक्षक खरंच खूप आहेत. मी विचारलं, पर्यटक व्हिसावर का पाठवता? तो म्हणाला, "तिकडं उतरल्यावर व्हिसा बदलून भेटते." तेही खोटं नाही. शाळेने कागद दिले तर पर्यटक म्हणून आलेल्याला तिथेच नॉन-इमिग्रंट बी व्हिसा मिळू शकतो, किंवा शेजारच्या लाओसमध्ये व्हिएन्तियानला जाऊन थाई दूतावासातून तो आणता येतो. मी दोन्ही गोष्टी पडताळून पाहिल्या होत्या. अर्धं खरं बोलणारा माणूस पकडायला फार अवघड असतो, हे मला आज "आधी चौकशी नाही केली का?" असं विचारणाऱ्यांना सांगायचं आहे. चौकशी केली होती. बाबांनी कापसाचे पैसे आणि वर उसनवारी करून १ लाख ४० हजार रुपये दिले, तेही चौकशी झाल्यावरच.

शाळा उदोन थानी प्रांतात होती, ईसानात, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागात. ऊन आपल्यासारखंच, फक्त हवा दमट. शैक्षणिक वर्ष मेच्या मध्यात सुरू होतं. सकाळी साडेसातला फाटकाशी उभं राहायचं, येणारं प्रत्येक मूल हात जोडून वाकतं, त्याला तसाच प्रतिसाद द्यायचा. आठला ध्वजवंदन. मग तास. एका वर्गात चाळीसच्या वर मुलं आणि प्रत्येक वर्ग आठवड्यातून एकदाच, म्हणजे शेकडो मुलं. नावं लक्षात ठेवणं मात्र सोपं, कारण तिथे प्रत्येकाला घरचं छोटं नाव असतं : आइस, बँक, फर्न, बॉल. कुणाला नापास करायचं नाही, पुन्हा परीक्षा घेऊन पास करायचं, हा न लिहिलेला नियम. आपल्याकडच्या शिक्षकांना यात नवल वाटायचं कारण नाही.

शिकवणं मला आवडलं, आणि ते चांगलं झालं, हे मी ठामपणे सांगते. थाई मुलांना इंग्रजी शब्दाच्या शेवटचा 'स' जड जातो. 'हाउस'चं 'हाउ' होतं, 'राइस'चं 'राइ'. मी वहीच्या कागदाची बोटभर पट्टी फाडून प्रत्येकाला ओठांसमोर धरायला लावायची. शेवटचा 'स' नीट सोडला तर पट्टी हलते. चौथीतली फर्न नावाची मुलगी पहिल्यांदा पट्टी हलली तेव्हा बाकावर उभी राहिली आणि सगळ्या वर्गाला दाखवत सुटली. पुढच्या आठवड्यात शेजारच्या वर्गातली मुलंही पट्ट्या घेऊन बसलेली दिसली.

जेवणाचे हाल झाले. माशाचा सॉस, नाम प्ला, तिथे जवळपास प्रत्येक पदार्थात पडतो. भाजी मागितली तरी. शाकाहारी असाल तर दुकानावर पिवळ्या झेंडीवर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं शोधा, ते खरं शाकाहारी. मी तूरडाळ आणि ज्वारीचं पीठ नेलं होतं, खोलीतल्या विजेच्या शेगडीवर करायची. आईचा फोन रोज एकाच वाक्याने सुरू व्हायचा, "जेवली का वं?" मी हो म्हणायची.

आता पगाराचं. माझ्या शेजारच्या टेबलावर दक्षिण आफ्रिकेचा एक तरुण शिक्षक होता. माणूस चांगला, त्याच्यावर राग नाही. तो घरी आफ्रिकान्स बोलतो, हे त्यानेच सांगितलं. त्याची पदवी पर्यटन व्यवस्थापनाची होती, बी.एड. नव्हतं. त्याला महिना ३५,००० बाट आणि मला १८,०००. तास माझे जास्त. कारण काय, तर तो कागदोपत्री 'नेटिव्ह स्पीकर'. शाळेच्या फाटकावर परदेशी शिक्षकांचा मोठा फलक लागला, त्यावर त्याचा फोटो होता, एका इंग्रज बाईंचा होता, माझा नव्हता. माझा फोटो काढून नेला होता. मी विचारलं तेव्हा शाळेला शिक्षक पुरवणाऱ्या एजन्सीच्या समन्वयक बाई म्हणाल्या, पालकांना गोरे शिक्षक बघायचे असतात. तोंडावर, हसत म्हणाल्या. माझे तास कसे होतात हे पाहायला त्या कधी वर्गात आल्या नव्हत्या.

तेही मी गिळलं, कारण वर्क परमिटची फाइल "चालू आहे" असं मला सांगितलं जात होतं. दर आठवड्याला विचारायची, दर आठवड्याला तेच उत्तर. मग एका सकाळी दुसऱ्या तासाला लाइन अ‍ॅपवर त्याच बाईंचा निरोप आला : आज कामगार खात्याचे लोक येणार आहेत, तू मागच्या फाटकाने बाहेर जा, जेवणानंतर ये. मी निरोप पुन्हा वाचला. वर्गात मुलं पट्ट्या धरून बसली होती. मी कॉरिडॉरमध्ये आले तर तो दक्षिण आफ्रिकेचा शिक्षक आपल्या वर्गात निवांत शिकवत होता आणि त्याच्या टेबलावर वर्क परमिटची निळी पुस्तिका तयार ठेवलेली होती. त्याला कुणी बाहेर जायला सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मला कळलं की माझी फाइल कुठेच चालू नाही. ती कधी उघडलीच नव्हती.

मी मागच्या फाटकाने गेले नाही, कार्यालयात गेले. तिथल्या एका वयस्क थाई शिक्षिकेने, उपकार तिचे, शाळेची यादी काढून दाखवली. त्या यादीत मी शिक्षिका नव्हते, 'प्रशिक्षणार्थी' होते. शाळेने एजन्सीला माझे पूर्ण पैसे दिले होते. म्हणजे रोज सकाळी फाटकाशी उभी राहून मी जे करत होते ते थायलंडच्या कायद्याने गुन्हा होता. परवान्याशिवाय काम करताना सापडलं तर परदेशी माणसाला ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि हद्दपारी. ही टांगती तलवार त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवली होती, आणि त्यांना ती ठाऊक होती.

मी लेखी उत्तर मागितलं. उत्तर आलं नाही, शेवटच्या महिन्याचा पगारही आला नाही. परत आल्यावर एजंट म्हणाला, "तुम्ही स्वतःच सोडून आल्या, आमची जबाबदारी नाही." पोलिसांना पावती दाखवली तर त्यावर 'सल्ला व टूर पॅकेज' असं छापलेलं. नोकरी हा शब्दच नाही. साहेब म्हणाले, दिवाणी मामला आहे.

तर ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट, आपल्या पासपोर्टची. दहावी पास झालेल्याचा पासपोर्ट ईसीएनआर असतो, आणि आपण त्याला मोठेपणा समजतो. अर्थ असा, की १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली थायलंडसह १८ देशांत कामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या मजुराचा करार सरकारी कार्यालयात तपासला जातो, एम.ए., बी.एड. झालेल्यांचा कुणीच तपासत नाही. तो आपला आपण तपासायचा.

एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते बघा. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. त्याहून एक रुपया जास्त मागितला की उठून या. पैसे बँकेतूनच द्या, आणि पावतीवर 'परदेशात नोकरी' हे शब्द आणि मालकाचं नाव लिहून घ्या. नाव शाळेचं आहे की मधल्या एजन्सीचं, हे नीट वाचा. पगार कोण देणार, वर्षाचे किती महिने देणार, तेही. थायलंडमध्ये मार्च-एप्रिलच्या सुट्टीचा पगार न देणारे १० महिन्यांचे करार सर्रास चालतात. कोरियात ऐकाल ती तक्रार वेगळी आहे : तिथे वर्ष पूर्ण केलं की कायद्याने एक महिन्याचा पगार सेवासमाप्तीची रक्कम म्हणून द्यावा लागतो, म्हणून काही हाग्वॉनवाले अकराव्या महिन्यात शिक्षकाला काढतात.

थायलंडला कामाला जायचं असेल तर नॉन-इमिग्रंट बी व्हिसा भारतातच हातात पडू द्या. "उतरल्यावर बदलू" हे वाक्य ऐकलं की थांबा. तिथे पोचल्यावर वर्क परमिट आणि खुरुसफा, म्हणजे थाई शिक्षक परिषद, हिची शिकवण्याची परवानगी, दोन्हींचे अर्ज शाळा करते. अर्जाच्या पोचपावतीचा फोटो मागा. फाइल चालू आहे या शब्दांवर विश्वास ठेवू नका. घरमालकाने तुम्ही तिथे राहता याची टीएम-३० नोंद केली का ते बघा, आणि ९० दिवसांनी राहण्याचा पत्ता कळवायचा असतो तो स्वतः कळवा.

पदवीचं साक्षांकन आधी करून घ्या. कोरियाला अपोस्टिल चालतं. थायलंडसाठी माझ्या वेळी परराष्ट्र मंत्रालयानंतर थाई दूतावासाचाही शिक्का लागला. त्याला वेळ लागतो. टोइकची परीक्षा देऊन ठेवा. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांकडे शाळा ९९० पैकी ६०० च्या वर गुण मागतात. आफ्रिकान्स बोलणाऱ्याकडे मागत नाहीत, ते राहू द्या.

मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट कुणाकडे ठेवायला देऊ नका. परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवा, घरच्यांनाही सांगू नका. तब्येत सांभाळा, चार माणसं जोडा.

आणि हे सगळ्यात गंभीर. बँकॉकला उतरवून गाडी ताक प्रांतातल्या मे सॉतकडे न्यायला लागले तर काहीही करून थांबा. पलीकडे म्यानमारचं म्यावड्डी आहे. नोकरीच्या नावाखाली तिथल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर भारतीय तरुण नेले गेले. परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता आणि मार्च २०२५ मध्ये ५०० हून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी मे सॉतहून परत आणावं लागलं. अडचण आली तर बँकॉकचा आपला दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल, तक्रार लेखीच करा. फोनवरचं बोलणं उद्या कुणी कबूल करत नाही.

जाऊ नका असं मी म्हणत नाही. आपल्याकडच्या शिक्षकांत तिथे शिकवायची ताकद आहे, ते मी करून आले आहे. पण आपल्याला परदेशात कमी पैशात, कागदाविना उभं करता येतं असं ज्यांना वाटतं, त्यांचा धंदा आपल्या गप्प बसण्यावर चालतो. ज्यांचे पैसे असेच गेले त्यांनी पावती घरात ठेवू नये, पोलिसांत लेखी तक्रार द्यावी, एकट्याने नाही तर चौघांनी मिळून. माझी दिलेली आहे. दुसऱ्या सहीची वाट पाहते आहे.