छप्पर आधी, पाऊस नंतर

कोकणात घर बांधायला पैसा लागतो, जागा लागते, खमक्या ठेकेदार लागतो, हे सगळेच सांगतात. तारखेचं कोणी बोलत नाही. सिंधुदुर्गात मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि दिवाळीच्या सुमाराला जमीन पुन्हा काम करण्याजोगी होते. बांधकामाला मिळतात ते मधले सहा-सात महिने. त्यातून शिमगा वजा करा, लग्नसराई वजा करा, विहिरी आटतात ते आठवडे वजा करा. उरलेल्या दिवसांत घर उभं राहिलं पाहिजे. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की कॅलेंडर उलटं वाचा. छपरावर कौलं कधी चढणार ते आधी ठरवा, ती तारीख अक्षय तृतीयेच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि तिथून मागे मागे येत पायाखोदाईपर्यंत या. त्या हिशेबात पायाखोदाई गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात येत असेल आणि आज जानेवारी असेल, तर यंदा घर बांधू नका.

आम्ही डोंबिवलीकर, मूळचे कणकवली तालुक्यातले. २०२४ च्या दिवाळीनंतर वडिलोपार्जित जागेत काम सुरू झालं. "मेअखेर छप्पर, जूनला फक्त आतलं काम," असं ठेकेदार म्हणाला तेव्हा वाडीतले आबा खळ्यात बसले होते. ते म्हणाले, "झिला, पावस काय तुझ्या ठेकेदाराक इचारून येतलो?" सगळे हसले. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत येऊन ठेपला, आणि त्याच्या आधीपासून वळिवाने जिल्हा झोडपून काढला होता. आमच्या भिंती पूर्ण उंचीच्या, वर आभाळ. जोत्यात पाणी साचलं, भराव खचला, भिंतींच्या वरच्या थरांतला ओला माल धुऊन गेला. ताडपत्र्या, पुन्हा रचाई, पुन्हा भराव आणि महिनोन्‌महिने बंद पडलेलं काम, एवढं त्या दहा-पंधरा दिवसांनी आमच्या पदरात टाकलं.

उशीर मे महिन्यात झालाच नव्हता. तो आधीच ठिकठिकाणी साठत आला होता, आणि त्याची सुरुवात सातबाऱ्यापासून होते.

कोकणातला सातबारा म्हणजे अर्धी वंशावळ. आजोबांचे भाऊ, त्यांची मुलं, मुंबईतले, बडोद्यातले, काही हयात नसलेले आणि तरीही कागदावर नांदणारे. आधी वारस नोंदी, मग वाटप किंवा हक्कसोड, मग पोटहिश्श्याची मोजणी, हा क्रम चुकवून चालत नाही. लेकी-सुनांच्या सह्यांबद्दल वाडीत अजून "त्यांचं काय एवढं" असं बोललं जातं. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क देणारी दुरुस्ती १९९४ ची आहे, देशभराची २००५ ची. आत्याची सही नसेल तर तो कागद अर्धाच. आणि शंभर-पाचशेच्या स्टँपवर घेतलेलं संमतिपत्र म्हणजे हक्कसोड नव्हे. हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून "घर आमच्या नावावर आहे" म्हणणारे भेटतील. तो घरपट्टीचा उतारा आहे, मालकीचा नाही.

त्याच उताऱ्यावर वर्ग २ लिहिलंय का, कुळकायद्याची शर्त आहे का, इतर हक्कात खासगी वनाची नोंद पडलीय का, हे वकिलाकडून वाचून घ्या. खाडी किंवा समुद्र जवळ असेल तर सीआरझेडची रेषा कुठून जाते तेही. आम्ही काम सुरू केलं तेव्हा गावठाणाबाहेरच्या शेतजमिनीला अकृषकचा प्रश्न यायचा. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असाल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मुळे वाट बरीच सोपी व्हायची. आपल्याकडे वाड्या विखुरलेल्या, त्यामुळे आपलं परडं त्या २०० मीटरांत बसतं की नाही, हे अंदाजाने ठरवण्यात अर्थ नव्हता.

आमचं जोतं वर आलं आणि एका हिस्सेदाराने हद्दीवरून हरकत घेतली. जानेवारीतले सोन्यासारखे आठवडे त्यात गेले. त्यांचं म्हणणं पूर्ण खोटं होतं असंही नाही. गडगा एकीकडे आणि नकाशातली रेघ दुसरीकडे, हे आपल्याकडे घरोघरचं आहे. पण भूमी अभिलेखकडे अर्ज केला की तारीख लागायला महिने जातात, तेव्हा मोजणी घराच्या आधी एक वर्ष उरकलेली बरी. सह्या गोळा करायला गणपतीसारखा मुहूर्त नाही. तेव्हा सगळे एका छपराखाली असतात, मनं जरा सैल असतात, आणि ज्याला हरकत घ्यायची आहे तोही समोरच बसलेला असतो.

आता जागेचा उतार. आर्किटेक्टचा कागद सपाट असतो, कोकणातली जमीन नसते. समजा तीस बाय चाळीसचं घर आहे आणि जागा मागून पुढे तीन फूट उतरते. मागच्या बाजूला जोतं दोन फूट ठेवलंत तर पुढे ते पाच फूट होतं. सरासरी दीड फूट जादा भराव धरला तरी १८०० घनफूट, म्हणजे १८ ब्रास. आणि ठोकून बसवल्यावर तो कमी भरतो, म्हणजे आणायचा त्याहून जास्त. वर त्या भरावाचा रेटा सोसणारी पुढची भिंत. चौरस फुटाच्या दरात हे बसत नाही. ठेकेदार लबाड असतो म्हणून नव्हे, दर ठरवताना कोणी लेव्हल घेतलेली नसते म्हणून. गावात लेव्हल घेणारा माणूस मिळतो, त्याचे पैसे किरकोळ आहेत.

भराव सहा ते नऊ इंचांच्या थरांनी, पाणी मारून, धुमसाने ठोकायचा. आबांच्या पिढीचा रिवाज याहून सोपा आणि माझ्या मते जास्त शहाणा होता: एका हंगामात जोतं बांधून भराव टाकायचा, त्याच्यावरून एक पावसाळा जाऊ द्यायचा आणि घर दुसऱ्या हंगामात उभारायचं. पाऊस भराव बसवतो, तोही फुकट. उघडं जोतं पाहून ज्याला भांडायचं तो त्याच गणपतीत भांडून घेतो. चिरे वर्षभर वाऱ्यावर पडून राहतात. ज्याला घाई नाही त्याने दोन हंगामांतच बांधावं, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. बहुतेकांना ते पटत नाही, कारण सुट्टी मंजूर झालेली असते.

चिऱ्यांबद्दल थोडं सविस्तर. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. म्हणून तो आधी आणून ठेवण्यात फायदा. सड्यावरच्या सगळ्या खाणी सारख्या नसतात; एकाच खाणीत वरचा थर आणि खालचा थर यांत फरक पडतो. चिरा ठोकून पाहा, खणखणीत वाजला पाहिजे. पांढऱ्या मातीचे खिसे ज्यात जास्त, तो पहिल्या दोन पावसांतच भोकं दाखवू लागतो. मशीनने कापलेले चिरे दिसायला रेखीव म्हणून आतून चांगले, असं काही नसतं. ट्रक उतरवताना तुटणारे धरून संख्या वाढवून मागवा आणि वाडीपर्यंत ट्रक येतो का ते आधी चालत जाऊन बघा. आमच्याकडे शेवटच्या वळणावर ट्रक अडला, आणि तिथून घरापर्यंतच्या वाहतुकीचा दर खाणीतल्या दराशी स्पर्धा करू लागला.

हल्ली चिरा उघडा ठेवायची हौस आली आहे. फोटोत छान दिसतो. पण जांभा पाणी पितो आणि आपल्याकडे पाऊस सरळ पडत नाही, पश्चिमेकडून झड मारतो. जुन्या घरांना चारी बाजूंनी पडवी आणि भरपूर बाहेर काढलेली पाखी होती ती शोभेसाठी नव्हे. झडीच्या बाजूला पडवी द्या, ती परवडत नसेल तर त्या भिंतीला बाहेरून गिलावा करा आणि बाकीच्या तीन बाजू हौसेने उघड्या ठेवा.

शिमग्यात काम चालत नाही. हे वाक्य ठेकेदाराला ऐकवायची गरज नाही, मुंबईकर घरमालकाला आहे. पालखी निघाली की गवंडी निघाला, आणि तो परत कधी येणार हे त्याच्या देवालाच ठाऊक. कर्नाटकातले गवंडी असतील तर ते उगादीला जातात. २०२५ साली होळी मार्चच्या मध्याला आणि पाडवा महिनाअखेरीला, असा सगळा मार्च महिना गेला. त्यावर चिडून उपयोग नाही. तेवढे दिवस आधीच कोरे धरावेत.

मग एप्रिल, आणि पाणी. विहिरीचा तळ दिसू लागतो तेव्हाच बीम, लिंटेल आणि मोऱ्यांवरचे स्लॅब यांना पाणी मारायची पाळी आलेली असते. आज बाजारात मिळणारं बरंचसं सिमेंट पीपीसी असतं. भारतीय मानकानुसार अशा मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलं ठेवायचं, आणि कोरड्या कडक उन्हात १४ दिवस. सकाळ-संध्याकाळ नळी फिरवणं म्हणजे ओलं ठेवणं नव्हे. गोणपाट टाका, ते सुकू देऊ नका. चिरेसुद्धा भिजवूनच लावायला हवेत, नाहीतर ते मालातलं पाणी शोषून घेतात आणि सांधा भुसभुशीत राहतो. म्हणून घराआधी पाण्याची टाकी बांधा, आणि टँकरचा खर्च अंदाजपत्रकात आपल्या हाताने लिहा. ते काम ठेकेदार करणार नाही, कारण करारात बहुधा "पाणी मालकाचे" अशी एक ओळ असते.

छपराबाबत माझं मत सरळ आहे: उतरतं छप्पर. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. सपाट स्लॅब घालून पुढची वीस वर्षं त्यावर डांबर आणि पत्र्याची शेड चढवत बसणारे शेजारी आपण पाहतोच. कौलांना वांदरांचा त्रास आहे, तो मी नाकारत नाही. आमच्या वाडीत त्यापायीच लोक पत्र्याकडे वळले. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-मंडणगड-दापोलीकडे पत्र्यांचं काय झालं ते ज्यांनी पाहिलं, त्यांनी पत्रा घातलाच तर हूक आणि बोल्टमध्ये कंजुषी करू नये. लाकडाचं छप्पर करणार असाल तर फणस आपल्याच परड्यातला असला तरी तोडायला वन खात्याची परवानगी लागते, आणि तोडलेलं लाकूड सुकायला वेळ लागतो. म्हणजे पुन्हा एक तारीख आली, तीही घराच्या आदल्या वर्षातली. लोखंडी पाइप वापरणार असाल तर खाऱ्या वाऱ्याचा विचार करून वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्याला प्राइमर लागलेला स्वतः बघा. वर चढून बघा.

"बघा" म्हणणं सोपं, बघणार कोण? आपण मुंबईत. फोनवर फोटो येतात, आणि फोटोत भिंत नेहमी ओळंब्यात असते. टेप लावलेला, चालता व्हिडिओ मागावा: पायाची खोली, सळ्यांमधलं अंतर, सळईखालचे कव्हर ब्लॉक. काँक्रीट पडल्यावर यातलं काहीच दिसत नाही. देखरेखीला नातेवाइकाला बसवू नये. माझे चुलते प्रामाणिक आहेत, पण ठेकेदार त्यांच्याच वाडीतला. उद्या भजनाला एकत्र बसायचं, पालखीला एकत्र खांदा द्यायचा, ते त्याला "हा थर काढ" कसं म्हणतील? तालुक्याच्या गावात डिप्लोमा केलेली तरुण मुलं-मुली आहेत. फेरीमागे पैसे देऊन त्यातलं कोणी ठेवावं. त्यांना भांडता येतं, कारण त्यांना त्या वाडीत राहायचं नसतं.

पैशाचे हप्ते तारखेला बांधू नका, टप्प्याला बांधा, आणि शेवटचा टप्पा पहिल्या पावसानंतर ठेवा, निदान दहा टक्के हातात राखून. दर कशावर लागणार, म्हणजे पडवी पूर्ण धरणार की अर्धी, शौचखड्डा, गडगा, वाट, विजेचा मीटर यात आहेत की बाहेर, हे कागदावर हवं. ठेकेदार ओळखीचा असेल तर जास्तच हवं. कर्जाचं म्हणाल तर सामाईक सातबाऱ्यावर बँक उभी करत नाही, त्यामुळे बरेच चाकरमानी शहरातल्या फ्लॅटवर टॉप-अप घेतात. त्याचा हप्ता पावसाळ्यात काम बंद असतानाही चालू राहतो, हेही त्या उलट्या कॅलेंडरात मांडा. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आमच्या बहुतेक गोणी तोवर भिंतींत जाऊन बसल्या होत्या, त्यावर इलाज नाही.

पुढच्या हंगामात आमची कौलं चढली. पहिला वळीव आला तेव्हा आम्ही मुद्दाम गावी होतो आणि खडू घेऊन घरभर फिरलो. जिथे ओल दिसली तिथे खूण केली आणि गवंड्याला तीच भिंत दाखवली, फोनवर वाद घातला नाही. रंग त्यानंतरच काढायचा, वास्तुशांतीचे पाहुणे काय म्हणतील याचा विचार न करता. पोटमाळ्याचा गिलावा अजून राहिला आहे. शिमगा झाला की येतो, असं गवंडी म्हणालाय. मी वहीत मे लिहून ठेवलाय.