शस्त्रक्रियेपूर्वीची कागदपत्रे : गरज व अर्थ

शस्त्रक्रिया ठरली की नातेवाइकांपुढे कागद येतात. ‘माणूस वेदनेने तळमळत असताना सह्या कसल्या घेता?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की भूल दिल्यानंतर रुग्ण बोलू शकत नाही. त्याच्या वतीने कागदच बोलतो.

पहिला कागद पूर्वेतिहासाचा. औषधाची ॲलर्जी, मधुमेह, दमा, आधीच्या शस्त्रक्रिया, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची माहिती भूलतज्ज्ञास हवी असते. बदलापूरला औषधोपचार, अंबरनाथला तपासण्या आणि उल्हासनगरला शस्त्रक्रिया, असे आपल्या भागात घडू शकते. म्हणून जुने अहवाल, चिठ्ठ्या व चालू गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत.

दुसरा कागद संमतिपत्राचा. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी स्पष्ट केले, की दुर्बिणीद्वारे तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढण्यास लागू होत नाही. रुग्ण भुलेखाली असताना आईकडून घेतलेली संमतीही न्यायालयाने ग्राह्य मानली नाही. जीव वाचविण्याची तातडी हाच अपवाद. तेव्हा सज्ञान व शुद्धीवर असलेल्या रुग्णाने स्वतः सही करावी. तीही शस्त्रक्रियेचे स्वरूप, धोके व पर्याय समजून घेऊनच. मराठी, सिंधी, हिंदी अशा अनेक भाषा नांदणाऱ्या उल्हासनगरात हे सारे रुग्णाच्या भाषेत सांगितले जाणे अगत्याचे आहे.

तिसरा कागद पडताळणीचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी प्रसृत केली. तीत रुग्णाचे नाव, शस्त्रक्रिया व शरीराची बाजू मोठ्याने वाचून तपासली जाते. आठ शहरांतील रुग्णालयांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यादीच्या वापरानंतर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे आढळले.

चौथा कागद सवलतीचा. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. त्यासाठी शिधापत्रिका किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. शस्त्रक्रिया नियोजित असल्यास तो आधीच काढून ठेवावा. तातडीच्या प्रसंगी मात्र कागदांसाठी उपचार अडवता येत नाहीत.

देणगीच्या प्रत्येक रुपयाची पावती आपण जपतो. रुग्णाच्या शरीराबाबतच्या निर्णयाची नोंद त्याहून अधिक काटेकोर असावी. म्हणून नातेवाइकांस विनंती, की सही करण्यापूर्वी अवश्य वाचावे आणि न समजल्यास निःसंकोच विचारावे.